सतरा नंबरचा ड्रम

आमच्या सूतगिरणीच्या वाइंडिंग खात्यातल्या चौथ्या मशीनवर सूत गुंडाळणारे 60 ड्रम आहेत आणि त्यातला 17 नंबर माझ्या नावानं ओळखला जातो. जुन्या बाया अजून मला चिडवतात, "जाय वं, तुह्या सतराले लाल लागला." लाल म्हणजे ड्रम अडला की लागणारा दिवा. नव्या पोरींना वाटतं हा ड्रम माझा लाडका असेल. खरी गोष्ट थोडी लाजेची आहे. अकरा वर्षं झाली, म्हणून आता सांगायला हरकत नाही.

मी हिंगणघाटपासून बारा किलोमीटरवरच्या गावातली. घरी साडेचार एकर, त्यात पऱ्हाटी म्हणजे कपाशी, तूर आणि पाणी असलं तर चणा. बारावी झाल्यावर गावात गाडी यायला लागली, सूतगिरणीची. पोरींना घेऊन जायची आणि पाळी सुटली की आणून सोडायची. शेजारची जात होती म्हणून मीही बसले. पहिल्या दिवशी खात्यात पाऊल टाकलं आणि आवाजानं डोकं भणाणलं. बाजूला उभी असलेली बाई काय बोलते ते ऐकू येईना. आता तिथं उभ्याउभ्या आम्ही ओठ वाचतो. पार त्या टोकाची बाई जेवणाच्या डब्यात काय आहे ते सांगते आणि मला कळतं. कानात बोळे घालायला देतात, ते घालायचेच. पहिली दोन वर्षं मी खिशात ठेवले. आता टीव्हीचा आवाज वाढवते तेव्हा नवरा पाहतो माझ्याकडे.

वाइंडिंग म्हणजे काय ते गावात कोणी विचारलं की मी मक्याच्या कणसापासून सुरुवात करते. सूत कातणाऱ्या रिंगफ्रेमवरून सूत येतं ते कणसाएवढ्या नळीवर, त्याला कॉप म्हणतात. एका कॉपवर 50 ग्रॅमच्या आसपास सूत. एवढ्याशा कॉपचा विणकराला काही उपयोग नाही, त्याला पावणेदोन-दोन किलोचा मोठा कोन लागतो. म्हणून कॉपवरचं सूत उलगडून, त्यातला खराब तुकडा कापून, टोकाला टोक जोडून कोनावर गुंडाळायचं. हे मशीनच करतं. बाईनं कॉप भरायचे, लाल दिवा लागला की जाऊन पाहायचं, आणि गुंता होऊ द्यायचा नाही.

आकडे मला आवडतात, म्हणून एकदा वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला होता. 30 काउंटचं सूत म्हणजे एका पौंडात 840 वारांच्या 30 लडी. म्हणजे 454 ग्रॅममध्ये 23 किलोमीटर. 50 ग्रॅमच्या कॉपवर अडीच किलोमीटर. आणि 1.9 किलोच्या एका कोनावर 96 किलोमीटर सूत! हिंगणघाटहून नागपूरला पोचून पुढं आणखी उरेल एवढं. ते सूत मिनिटाला 1200 मीटरच्या वेगानं जातं, म्हणजे एक कॉप दोन मिनिटांत रिकामा. माझ्याकडे 30 ड्रम असले तर, थांबणं-बिंबणं धरून, दर पाच सेकंदाला एक कॉप हातात आला पाहिजे. आठ तासांत पाच हजारांच्या घरात. शेतात दिवसभर कापूस वेचणाऱ्या माझ्या मायला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे तुये हात बी वेचायलेच लागले ना."

आता 17 नंबर.

सूत तुटलं की ड्रम आपोआप थांबतो. वरून एक नळी कोनावरचं टोक ओढून आणते, खालून दुसरी नळी कॉपचं टोक आणते. मधे स्प्लायसर असतो. तिथं दाबाची हवा दोन्ही टोकांचा पीळ सोडवते आणि मग हवेच्याच फटक्यानं तंतू एकमेकांत गुंतवते. गाठ नाही. बोटानं चाचपलं तरी जोड सापडत नाही. माझे आजेसासरे तरुणपणी नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये होते, 1877 साली टाटांनी सुरू केलेली ती. त्यांच्या काळी वाइंडिंगच्या बाया हातात गाठ मारायचं लोखंडी यंत्र अडकवून दिवसभर गाठी मारायच्या. मी त्यांना जोडाचं सूत नेऊन दाखवलं होतं. त्यांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं, ओढून पाहिलं, आणि म्हणाले, "गाठ नाही तर धरलं कशानं?" मी म्हटलं, हवेनं. त्यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही.

तर कधी कधी जोडायच्या वेळी टोक चुकतं आणि सूत कोनावर जायच्या ऐवजी ड्रमवरच गुंडाळत जातं. त्याला लॅपिंग म्हणतात. ड्रम म्हणजे खाचा असलेली लोखंडी नळकांडी, घेर जेमतेम फूटभर. मिनिटाला 1200 मीटर सूत जायचं तर त्याला चार हजार फेरे मारावे लागतात. डोळ्याला तो फिरताना दिसतच नाही, उभा वाटतो. त्यावर दहा सेकंद जरी सूत चढलं तरी घट्ट पांढरी पट्टी बसते.

ती पट्टी काढायची एक रीत आहे. ड्रम बंद करायचा. पूर्ण थांबू द्यायचा, हातानं दाबून थांबवायचा नाही. कोन वर उचलून अडकवायचा. मग पितळी आकड्यानं खाचेच्या कडेनं सूत उचलायचं आणि कात्रीनं कापायचं. दीड-दोन मिनिटं लागतात. माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट. रात्रपाळी, पहाटेचे साडेतीन, बारा ड्रम एकदम लाल, मॅगझिन म्हणजे ड्रमला कॉप पुरवणारे डबे रिकामे. आकडा कुठं ठेवला ते सापडेना. माझ्या ॲप्रनच्या खिशात पेन्सिल तासायची पत्ती होती. सर्रकन फिरवली. पट्टी निघाली, 30 सेकंदात. मला वाटलं आपण लई हुशार.

दुसऱ्या आठवड्यात 17 नंबरला लाल लागायला लागला. मशीनच्या पडद्यावर प्रत्येक ड्रमचा हिशेब येतो, किती वेळा कापलं, किती वेळा जोड फसला, किती वेळ थांबला. बाकीचे ड्रम ठीक, 17 चा आकडा त्यांच्या तिप्पट. सुपरवायझर येऊन म्हणाले, "तुमचं लक्ष नाही इकडे." मी काही बोलले नाही. कॉप बदलून पाहिले, तेच. स्प्लायसर साफ केला, तेच. महिनाभर असं चाललं, आणि तो महिनाभर मला माहीत होतं. नक्की काय झालंय ते कळत नव्हतं, पण त्या रात्री पत्ती फिरवताना बारीकसा 'कर्र' आवाज आला होता, तो कानात होता.

शेवटी फिटर काका आले. साठीला टेकलेला माणूस, बोलणं कमी. त्यांनी ड्रम बंद केला, हातानं हळूहळू फिरवला, काही दिसलं नाही. मग खिशातून कापसाचा बोळा काढला, नुसता पिंजलेला कापूस, आणि ड्रमवरून अलगद फिरवला. एका जागी तंतू अडकला. पुन्हा फिरवला, पुन्हा तिथंच. माझं बोट धरून तिथं टेकवलं. नखाला जाणवली, केसाएवढी खरवड. तिच्यावरून दर मिनिटाला 1200 मीटर सूत घासत चाललं होतं.

"पत्ती?" काका म्हणाले.

मी मान हलवली.

त्यांनी बारीक पॉलिश पेपरनं ती जागा गुळगुळीत केली. ते बसून घासत होते आणि मी बाजूला उभी. जाताना माझ्या खिशातली पत्ती मागून घेतली आणि वर कुणाला काही सांगितलं नाही. त्या 30 सेकंदांनी महिनाभराचं किती सूत खाल्लं, तेही मी वहीत मांडलं होतं. आकडा लिहीत नाही. ती पत्ती सूत सोडून बोटावरून सरकली असती तर काय, हे मला कितीतरी नंतर सुचलं. तेव्हा भीती फक्त पगार कापतील याची होती.

आता मी नव्या पोरींना शिकवते. पहिले दोन दिवस एकच गोष्ट, लाल दिवा लागला की हात पाठीमागे. खरंच पाठीमागे, शाळेत प्रार्थनेला उभे राहायचो तसे. मग डोळ्यांनी पाहायचं. ड्रम थांबला का? कॉपमध्ये सूत आहे का? टोक कुठं आहे? ड्रमवर पट्टी आहे का? कोन सैल फिरतोय का? हे पाहून झालं की मग हात. पोरी हसतात. लाल दिवा पाहिला की बटण दाबायची घाई असते त्यांना, दाबलं की दिवा जातो ना! जातो, आणि एका मिनिटात परत लागतो, आणि तोवर जिथं दोन वेढे होते तिथं दोनशे झालेले असतात. "तुले काय वाटते, मशीन तुह्यावर रुसली?" असं मी विचारते. "ते काहीतरी सांगून राह्यली. आधी आयक."

दुसरी गोष्ट बोटाची. सूत ओढताना ते बोटाला गुंडाळून ओढायची सवय असते, घरी सुतळी तोडतो तशी. तर्जनीवर दोन वेढे, आणि झटका. ते खात्यात चालत नाही. माझ्या उजव्या तर्जनीच्या पेरावर एक पांढरी रेघ आहे, ती पोरींना दाखवते. मी टोक गुंडाळून धरलं होतं, पलीकडच्या मैत्रिणीला वाटलं माझं झालं, तिनं बटण दाबलं. सूत केवढं? फुंकर मारली तर उडेल. पण त्या वेगाला ते पतंगाच्या मांजासारखं जातं. हाड वाचलं. तेव्हापासून दोघींचा नियम, एका ड्रमवर एकच हात. जिचा हात आत तीच बटण दाबणार. मदत करायची तर आधी समोर येऊन डोळ्यात पाहायचं, कारण आवाजात "दाबू का?" हे कोणालाच ऐकू येत नाही. आणि लाइट गेली की हात बाहेर. लाइट कधी येईल ते आपल्याला सांगून येत नाही.

आता सगळ्यात अवघड विषय, मंगळसूत्र. केस बांधून टोपीत घाला म्हटलं की पोरी घालतात. ओढणी काढून ॲप्रन घाला म्हटलं की आठवडाभरात सवय होते. पण नव्या लग्नाची पोरगी आली, हातभर हिरवा चुडा, गळ्यात लांब काळी पोत, आणि तिला सांगायचं की हे काढ. एकीची सासू गिरणीच्या गेटवर आली होती, "माह्या सुनेले रंडकी करता काय?" म्हणत. तिला हसून चालत नाही आणि रागावूनही चालत नाही. 2025 पर्यंत 1948 चा कारखाना कायदा लागू होता, त्यात 22 वं कलम होतं. चालत्या यंत्राचे भाग तपासायचे, तेल घालायचं तर ते शिकलेल्या पुरुषानंच, आणि अंगासरशी कपडे घालून, ते कपडेही मालकानं द्यायचे, असं त्यात लिहिलेलं. बाईला तर इजेचा धोका असलेल्या चालत्या यंत्राचं तेलपाणी, साफसफाई करायलाच बंदी होती. आमच्या खात्यात पन्नास बाया आहेत. तेलपाणी खरंच फिटर करतो, पण कोनाला, कॉपला, सुताला आठ तास हात आमचाच लागतो. कपड्याचं काय ते आम्हीच ठरवलं. पोत आखूड करून ब्लाउजच्या आत आणि वरून ॲप्रनचं गळ्यापर्यंतचं बटण. चुडा मनगटापासून वर सरकवून त्यावर बाहीचं घट्ट इलास्टिक. काचेची एक बांगडी फुटून कोनात गेली तर तो कोनही गेला आणि पुढं विणकराच्या मागावर काय होईल ते देव जाणे, हे मी त्या सासूला सांगितलं. तिला सुनेच्या हातापेक्षा कोनाचं नुकसान लवकर समजलं. असो. तोडगा निघाला.

बाकीचं थोडक्यात. कॉप खाली पडला की तेव्हाच उचलायचा. गोल असतो, पाय पडला की माणूस सरळ पाठीवर. आमच्याकडे जेवढ्या बाया पडल्या त्या कॉपवरून. आणि पडलेल्या कॉपला तेल-धूळ लागते, तो गेला वेस्टमध्ये. नळीचा रंग पाहिल्याशिवाय कॉप मॅगझिनमध्ये घालायचा नाही. आमच्याकडे 30 काउंटला एक रंग, 40 ला दुसरा. एक चुकीचा कॉप कोनात गेला तर कापडावर पट्टा उठतो. पॅकिंगच्या निळ्या दिव्याच्या खोलीत कोन ठेवून पाहतात, तिथं वेगळ्या कापसाचं सूत वेगळंच चमकतं आणि मग कोणत्या पाळीत, कोणत्या मशीनवर, ते शोधत येतात. चालायचं एका दिशेनं, वेड्यासारखं मागंपुढं पळायचं नाही. लाल दिसला म्हणून टोकाला धावलं की मधले चार मॅगझिन रिकामे होतात. डोक्यावरून रुळावर भरलेले कोन काढणाऱ्या डॉफरची गाडी जाते आणि क्लिनरच्या सोंडा लोंबत जातात, त्यांना घंटा नाही, तेव्हा कॉपची पेटी त्यांच्या वाटेत ठेवायची नाही.

आणि हवेचा पाइप. पाळी सुटताना अंगावर कापूस चिकटलेला असतो, केसात, भुवयांवर, म्हाताऱ्या झाल्यासारख्या दिसतो सगळ्या. मशीन साफ करायचा हवेचा पाइप हातात असतो, आणि सहा-सात बारच्या दाबानं ती हवा अंगावर मारून घ्यायचा मोह होतो. गार वाटतं. पोरं तर एकमेकांवर मारतात, मस्करी म्हणून. ही मस्करी जिवावर बेतते. हवा शरीरात शिरून आतडं फाटल्याच्या, माणसं गेल्याच्या बातम्या आपल्या देशातल्याच आहेत. मी या एका गोष्टीवर कोणाचंही ऐकत नाही, पोरगा फिटरचा असो नाहीतर मॅनेजरचा. ब्रश आहे, ब्रशनं झाडा.

उन्हाळ्याचं वेगळंच असतं. मे महिन्यात आमच्याकडे बाहेर 45-46. आत ओलावा 60-65 टक्के ठेवावा लागतो. तो ओला गारवा माणसांसाठी नसतो, सुतासाठी असतो. सूत कोरडं पडलं की तंतू उभे राहतात, केसाळ होतं, तुटतं. ओलं जास्त झालं की ड्रमला चिकटतं. गेल्या उन्हाळ्यात एका नव्या पोरीला कोंदट वाटलं म्हणून तिनं मागचं दार उघडं ठेवलं, विटेची टेकण लावून. बिचारीला हवा पाहिजे होती. हवा आली, पण फुफाट्याची. अर्ध्या तासात त्या बाजूचे वीस ड्रम लाल. सगळे फिटर मशीन खोलून बसले, आणि मी पाणी प्यायला गेले तर पायाला गरम हवा लागली. वीट काढली. दिवे एकेक करून विझले. पोरीचं नाव मी घेतलं नाही. मला पत्ती आठवली.

हे सगळं असं लिहिताना वाटतं की दोष नेहमी खात्यातच असतो. तसं नाही. दोन वर्षांपूर्वी एकाएकी सगळ्याच ड्रमवर कापायचं प्रमाण वाढलं. क्लिअरर म्हणून एक डोळा असतो प्रत्येक ड्रमवर, त्यातून सूत जातं. जाडं, बारीक, दुहेरी दिसलं की कापतो, आणि रंगीत काही दिसलं तरी कापतो. क्वालिटीवाल्यांनी सांगितलं, कापलेले तुकडे फेकू नका, काळ्या पुठ्ठ्यावर चिकटवा. आठ दिवस चिकटवले. त्या पुठ्ठ्याकडे मी बघत राहिले. काळे केस, लांबच लांब. लाल तंतू. गुटख्याच्या पुडीचा चकाकणारा कण. आणि सगळ्यात जास्त निळसर हिरवे, नायलॉनसारखे धागे. ते मी ओळखले. खताच्या चुंगडीचे, म्हणजे पोत्याचे. आमच्या घरच्या ओसरीवर रचलेल्या चुंगड्यांचे.

वेचताना कापूस ओटीत, ओटीतून चुंगडीत, चुंगडी पायानं दाबून भरायची. तिची कड उसवलेली, एकेक पट्टी सुटते आणि कापसात जाते. सरकी काढायच्या जिनिंगमध्ये चिंध्या होतात, गिरणीतल्या कापूस पिंजणाऱ्या ब्लो रूमला आणि कार्डिंगला त्याचे तंतू तंतू होतात आणि किलोमीटरभर पसरतात. रंगीत असेल तर क्लिअरर पकडतो, ड्रम थांबतो, बाई धावते. पांढरी असेल तर पकडतच नाही. ते सूत विणलं जातं, कापड रंगवायला जातं आणि तिथं तो धागा पांढराच राहतो, कारण प्लास्टिकला कापसाचा रंग लागत नाही. म्हणजे आपल्याच शेतातली चुंगडी आपल्याच हाताला लाल दिवा दाखवत होती. कधी कधी वाटतं, त्यातला एखादा लांब केस मायचाच असेल.

दिवाळीला घरी गेले तेव्हा तो पुठ्ठा घेऊन गेले. भावाला दाखवला. पहिला वेचा नुकता झाला होता, मायनं सीतादही करून पऱ्हाटीत दहीभात ठेवला होता, घरात सगळे खुशीत होते. मी मधेच हा पुठ्ठा काढला.

भाऊ म्हणाला, "जिनिंगवर ओलावा पायते. 12 टक्क्याच्या वर गेला तं परत पाठवते. कचरा पायते, कवडी म्हंजे किडका कापूस पायते. चुंगडी कोणती हाये हे कोण पायते? आन चांगल्या झोळीत आणला म्हून भाव जास्त देते का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नाहीच. साफ कापसाचा वेगळा भाव त्याच्या हातात कधी पडला नाही, आणि तो गिरणीच्या नफ्यासाठी पदरचे पैसे घालून झोळी का घेईल? मी म्हटलं, माझ्यासाठी घे. 30 ड्रमवरून मला कमी धावावं लागेल.

माय ऐकत होती. सकाळी उठून पाहते तर तिनं जुन्या लुगड्याची मोठी झोळी शिवून ठेवली होती. सुती होती, स्वच्छ होती, तिनं प्रेमानं शिवली होती. रंग लाल भडक. पुठ्ठ्यावरचा लाल तंतू मी तिच्यासमोर धरला आणि दोघी किती तरी वेळ हसलो.

मग हिंगणघाटच्या बाजारातून मांजरपाट आणला, न रंगवलेला, बिनकाठाचा. सहा झोळ्या शिवल्या. डोक्याला बांधायला चार सुती पांढरे रुमाल कापले, वेचणाऱ्या बायांसाठी, केस आत राहावेत म्हणून. एका बाईनं रुमाल बांधला आणि आरशात पाहून म्हणाली, "दवाखान्यातली नर्स दिसून राह्यली मी." दुसरीनं सांगितलं की उन्हाला पदरच बरा. वेचणी किलोवर असते, त्यामुळं जास्त बोलायला कोणाला वेळ नव्हता.

गेल्या महिन्यात पुन्हा गेले होते. चार झोळ्या कापसाला वापरतात, हे भावानं मला गोठ्यापर्यंत नेऊन दाखवलं. उरलेल्या दोनमध्ये मायनं चणे भरून ठेवलेत, म्हणे मांजरपाटात कीड लवकर लागत नाही.